वाचकांचे प्रश्न : जुनी टर्नटेबल पार्सलने पाठवावी का?

प्रश्न : माझी थोरेन्स टीडी १६० टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा ॲम्प्लिफायर दूरच्या गिऱ्हाइकाने घेतला आहे. मूळ खोकी नाहीत. पाठवू का?

उत्तर : गिऱ्हाईक स्वतः येऊन नेणार असेल, तर थोडी किंमत कमी करूनही तेच करा. हे मी आग्रहाने सांगतो.

पाठवायचीच असेल तर प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, आधी काढा. टीडी १६० चा प्लॅटर दोन भागांचा आहे. दोन्ही वेगळे गुंडाळा. तो जागेवरच राहिला तर प्रत्येक आदळण्याचा भार मधल्या बेअरिंगवर येतो आणि आतल्या स्प्रिंगवरचा सांगाडा हेलकावे खातो. तो सांगाडा वाहतुकीसाठी असलेल्या स्क्रूंनी आवळा. टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) मागचं वजन काढा, आर्म बांधा, कार्ट्रिज (सुईचा भाग) वेगळी ठेवा. झाकणाला स्वतंत्र खोकं द्या. टर्नटेबलवर ठेवलेलं झाकण हमखास तडकतं.

ॲम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह काढून त्यांच्या जागांचे क्रमांक लिहून ठेवा. खरा धोका ट्रान्सफॉर्मरचा. खोकं पडलं की तो जड गोळा पत्र्याची चासी (खालचा सांगाडा) वाकवतो. खोक्यात खोकं, मध्ये सर्व बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर घट्ट फोम. थर्मोकोलचे सुटे दाणे नकोत, वजनाखाली ते सरकतात आणि यंत्र तळाला टेकतं.

बऱ्याच विम्यांत अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. अटी आधी वाचा, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा आणि जोडणीचा क्रम कागदावर लिहून वरच ठेवा.