द्राक्षमळ्यातले पहिले लग्न टिपताना

गंगापूर धरणाच्या परिसरातील द्राक्षमळ्यात तुम्ही पहिलेच लग्न टिपणार असाल, तर कॅमेऱ्याआधी छाटणीचे वेळापत्रक विचारा. नाशिकला वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेली अगदी बोडक्या दिसतात. यजमानांना मात्र मे महिन्यातही घोसांमधले फोटो हवे असतात, म्हणून तारीख ठरण्यापूर्वीच हे त्यांच्या कानावर घाला.

गोरज मुहूर्त असला की खरी कसोटी लागते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हौशी मामा-आत्यांमुळे मंगलाष्टके लांबतात, आणि अंतरपाट दूर होईपर्यंत उजेड संपलेला असतो. त्यामुळे वडीलधाऱ्यांची हरकत नसेल तर वधूवरांचे वेलींमधले फोटो मुंडावळ्या बांधण्याआधीच उरकावेत. पांढऱ्या अंतरपाटाने कॅमेरा फसतो व चेहरे काळवंडतात, तेव्हा एक्सपोजर थोडे वाढवून ठेवा. अक्षता हवेत थबकलेल्या हव्या असल्यास शटर १/५०० च्या खाली नेऊ नका.

नुकतीच फवारणी झालेल्या ओळीत नवरीला उभे करू नका. मी एकदा ते केले, आणि मोरचुदाचे निळसर डाग शालूच्या पदरावरून शेवटपर्यंत गेले नाहीत.