एअरबॅगचा रिकॉल बाकी आहे आणि सर्व्हिस सेंटर ‘पार्ट नाही’ म्हणते. अशा वेळी काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१२ सालची सेडान तुम्ही जुन्या मालकाकडून घेतली, कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस क्रमांक टाकल्यावर चालकाच्या बाजूच्या एअरबॅग इन्फ्लेटरचा (पिशवी वायूने फुगवणाऱ्या डब्याचा) रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावणे, बाकी असल्याचे दिसले, सर्व्हिस सेंटर ‘पार्ट आला की कळवतो’ यापलीकडे काही सांगत नाही, आणि तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकच्या मते एअरबॅगचा दिवा लागत नसेल, तर गाडी बिनधास्त चालवावी. यातील मेकॅनिकचे मत सर्वांत आधी बाजूला ठेवा.

तो दिवा विजेच्या जोडणीवर लक्ष ठेवतो. सेन्सर, वायर, कनेक्टर किंवा इन्फ्लेटर पेटवणारा इग्नायटर यांपैकी कुठे खंड पडला, तर तो लागतो आणि लागलेलाच राहतो. इन्फ्लेटरच्या बंद डब्यातील रसायनाची काय अवस्था झाली आहे, हे तपासण्याची कोणतीही सोय गाडीत नसते. त्यामुळे ज्या दोषासाठी गाडी परत बोलावली आहे तो पूर्ण बळावलेला असला, तरी चावी फिरवल्यावर दिवा नेहमीसारखा काही सेकंद लागतो आणि विझतो.

२०१२ च्या गाडीतील इन्फ्लेटरचा रिकॉल म्हणजे बहुधा टाकाटा या जपानी कंपनीचेच प्रकरण असणार. अपघाताचा धक्का बसताच सेकंदाच्या काही शतांश भागांत पिशवी फुगवायची, तर तेवढा वायू तितक्याच झटपट निर्माण व्हावा लागतो. म्हणून इन्फ्लेटरमध्ये रसायनाच्या गोळ्या भरलेल्या असतात आणि त्या पेटल्या की वायू होतो. टाकाटाने या गोळ्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरले. ते स्वस्त पडते, खतात चालते आणि खाणीतील सुरुंगातही चालते. परंतु ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि तापमानाच्या चढउताराबरोबर त्याच्या स्फटिकांची रचना बदलत राहते. वर्षानुवर्षे दिवसा तापून रात्री निवालेल्या गाडीत, डब्यात शिरलेल्या दमटपणासह हे चक्र चालू राहिले, की गोळ्या सच्छिद्र होतात, अपेक्षेपेक्षा फार वेगाने जळतात आणि वायूचा दाब धातूच्या डब्याला पेलवत नाही. मग डबाच फुटतो आणि त्याचे धारदार तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या गळ्यात, चेहऱ्यात, छातीत घुसतात. वाहन कंपन्यांनी नेमलेल्या ऑर्बिटल एटीके या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०१६ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत तीनच कारणे होती: ओलावा शोषणाऱ्या पदार्थाविना वापरलेले अमोनियम नायट्रेट, ओल आत जाऊ देणारी जुळणी आणि उष्ण-दमट हवेत गेलेली दीर्घ वर्षे. अमेरिकेतील या प्रकरणातील पहिला मृत्यू मे २००९ मध्ये ऑक्लाहोमा राज्यात एका मुलीचा झाला. ती टक्कर किरकोळ होती. एरवी त्या मुलीला कदाचित खरचटण्यापलीकडे काही झाले नसते.

यावरून दोन गोष्टी निघतात आणि त्या तुमच्या निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की हा दोष वयाबरोबर वाढतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने जून २०१६ मध्ये जाहीर केले, की २००१ ते २००३ या काळातील होंडा व अ‍ॅक्युराच्या काही गाड्यांतील इन्फ्लेटर चाचणीत फुटण्याचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत गेले होते. दुसरी गोष्ट हवामानाची. त्याच यंत्रणेने देशाचे दमटपणानुसार विभाग पाडले आणि फ्लोरिडा, हवाई, मेक्सिकोच्या आखाताची किनारपट्टी अशा भागांतील गाड्यांना दुरुस्तीत अग्रक्रम दिला. आपल्याकडे असा विभाग कोणी अधिकृतपणे आखलेला नाही, पण मुंबई, कोकण आणि गोवा तशा यादीत कुठे बसले असते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गाडी सध्या नाशिकला किंवा नागपूरला असली, तरी तिची पहिली वर्षे कुठे गेली हे आरसीवरील मूळ नोंदणीवरून पाहा. इन्फ्लेटरने एकदा धरलेली ओल कोरड्या गावी जाऊन उलटत नाही.

प्रसार किती मोठा होता, तेही सांगतो. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत बोलावल्या गेल्या आणि त्या देशात किमान २८ माणसे या इन्फ्लेटरमुळे दगावली. टाकाटाने जानेवारी २०१७ मध्ये फसवणुकीचा गुन्हा कबूल करून १०० कोटी डॉलरचा भुर्दंड मान्य केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. भारतात होंडाने जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८, जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २२,८३४ गाड्या याच कारणासाठी बोलावल्या. इतर कंपन्यांचेही रिकॉल झाले. इतक्या वर्षांनीही विषय संपलेला नाही. फ्रान्समध्ये जून २०२५ मध्ये एका महिलेचा मृत्यू झाल्यावर सिट्रोएन सी३ आणि डीएस३ या गाड्यांच्या मालकांना ‘दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवूच नका’ असे सांगण्यात आले, आणि गाडी दारात उभी ठेवून सर्व्हिस सेंटरची तारीख मिळवण्यासाठी हजारो लोकांची धावपळ झाली.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. मी रत्नागिरीत राहतो आणि माझी गाडीही जुनीच घेतलेली, मूळची डोंबिवलीची. तिचाही हाच रिकॉल बाकी होता. कंपनीचे आणि सर्व्हिस सेंटरचे नाव लिहीत नाही, कारण त्याने तुमचे काम सोपे होणार नाही. काउंटरवरच्या मुलाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला, तेव्हा माझ्या चॅसिस क्रमांकापुढे ‘ग्राहकाशी संपर्क केला, ग्राहक आला नाही’ अशी नोंद होती आणि खाली डोंबिवलीच्या आधीच्या मालकाचा मोबाइल क्रमांक. म्हणजे कंपनी इमानेइतबारे फोन करत होती, तो गृहस्थ ‘गाडी विकली’ म्हणून ठेवून देत होता आणि कंपनीच्या दृष्टीने दोष ग्राहकाचा ठरत होता. आरटीओत नाव बदलले म्हणून कंपनीच्या संगणकात ते आपोआप बदलत नाही. त्यामुळे पहिले काम हे करा, की आरसीची प्रत देऊन तुमचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक तिथे चढवून घ्या आणि बदललेली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पडद्याचा फोटो काढू दिला, तर तोही काढा.

दुसरी अडचण पार्टची. ‘साहेब, ऑर्डर टाकली आहे, आला की आम्हीच फोन करू’ हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. पुष्कळ ठिकाणी ऑर्डर टाकलेलीच नसते. रिकॉलच्या कामाची मजुरी कंपनी ठरावीक दराने देते, त्यात ना तेल बदलायचे असते ना पॉलिश विकायचे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला त्याची घाई नसते. हे माझे मत आहे. तिथल्या माणसांवर माझा राग नाही, कारण त्यांचे महिन्याचे लक्ष्य दुसऱ्याच गोष्टींवर मोजले जाते. म्हणून तोंडी चौकशी थांबवा. जॉब कार्ड (गाडीच्या कामाची नोंद करणारा सर्व्हिस सेंटरचा कागद) उघडायला लावा, त्यावर रिकॉलचा संकेतांक आणि पार्टची ऑर्डर टाकल्याची तारीख लिहून घ्या, आणि त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला ई-मेल पाठवून त्याची एक प्रत सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकालाही पाठवा. मजकूर चार ओळींचा पुरे: चॅसिस क्रमांक, नोंदणी क्रमांक, बाकी असलेला रिकॉल आणि एक प्रश्न, की पार्ट बसेपर्यंत ही गाडी चालवणे सुरक्षित आहे किंवा नाही हे लेखी कळवावे.

या प्रश्नाचे बळ मी पाहिले आहे. काउंटरवर ‘काही होत नाही, चालवा बिनधास्त’ म्हणणाऱ्या माणसाला तेच वाक्य जॉब कार्डवर लिहून सही करायला सांगा. तो पेन खाली ठेवतो आणि आत व्यवस्थापकाकडे जातो. ई-मेलच्या बाबतीतही तसेच. ‘सुरक्षित आहे’ असे लिहिले आणि पुढे काही घडले, तर ते कागद न्यायालयात जातील; ‘सुरक्षित नाही’ असे लिहिले, तर तुम्ही पर्यायी वाहनाची मागणी कराल. माझ्या बाबतीत उत्तर म्हणून दोन्हींपैकी एकही वाक्य आले नाही, थेट पार्ट आल्याचा निरोप आला.

तरीही काही हलले नाही, तर कायद्याचा विचार करावा लागतो आणि तिथे तुमची थोडी निराशा होईल. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले, त्यानुसार सरकार कंपनीला सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, दंडाची रक्कम १ कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकते आणि सरकारच्या ‘वाहन’ या पोर्टलवर तक्रारीची सोयही केली गेली. मात्र हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. ब्रेक किंवा स्टीअरिंगच्या दोषाला ही मर्यादा कदाचित शोभेलही. पण ज्या दोषाची सुरुवातच गाडी जुनी झाल्यावर होते, त्याला ती लावणे मला अनाकलनीय वाटते. तुमची २०१२ ची गाडी नेमक्या धोक्याच्या वयात आली आणि सरकारी सक्तीच्या कक्षेबाहेर गेली. तिचा रिकॉल कंपनीने स्वेच्छेने जाहीर केलेला असल्याने दुरुस्ती आजही मोफत मिळायला हवी, आणि कोणी गाडी जुनी असल्याचे सांगून पैसे मागितले तर देऊ नका; पण तो शब्द पाळून घेण्याचे काम तुमच्या गळ्यात आहे.

ग्राहक संरक्षण कायद्याची दारे मात्र उघडी आहेत. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मोठ्या कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात, असा माझ्या परिचितांचा अनुभव आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. एअरबॅगच्या बाबतीत न्यायालयांचा कल ग्राहकाच्या विरोधात नाही. दिल्लीतील एका ह्युंदाई क्रेटा गाडीच्या मालकाच्या प्रकरणात, अपघातात एअरबॅग उघडल्याच नाहीत म्हणून दिलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कायम केली. धडकेचा वेग आणि बल यांचे गणित मांडून एअरबॅग उघडायला हवी होती हे सिद्ध करण्याएवढे भौतिकशास्त्र ग्राहकाला येत असेल, अशी अपेक्षा धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. तुमचे प्रकरण वेगळे आहे, कारण तुमची तक्रार अपघाताआधीची आहे; पण म्हणूनच तारखांसह ई-मेल आणि जॉब कार्ड हाताशी असणे आवश्यक आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हेही ध्यानात असू द्या.

तोपर्यंत गाडी चालवावी का? कंपनीने ‘चालवू नका’ असे कळवले असेल, तर प्रश्नच उरत नाही. तसे कळवले नसेल, पण गाडी दहा-बारा वर्षांची आणि किनाऱ्याकडची असेल, तर मी स्वतः ती शक्यतो लावून ठेवीन आणि नाइलाज झाला तरच काढीन. दोष शेजारच्या आसनाच्या एअरबॅगचा असेल, तर त्या आसनावर कोणालाही बसवू नका. ते तेवढ्यापुरते पुरे आहे. चालकाच्या बाजूला असा उपाय नाही, आणि आसन मागे सरकवल्याने धातूच्या तुकड्यांपासून बचाव होत नाही. गल्लीतल्या मेकॅनिककडून एअरबॅग काढून घेणे किंवा भंगारातली आणून बसवणे हे दोन्ही सल्ले तुम्हाला मिळतील. पहिल्यात तो हाताळताना जखमी होऊ शकतो आणि तुम्ही एअरबॅगविना उरता. दुसऱ्यात तुम्ही कोणत्या तरी अपघातग्रस्त गाडीचा, कदाचित त्याच कंपनीचा आणि तितकाच जुना, इन्फ्लेटर विकत घेता.

प्रत्यक्ष काम अगदीच लहान आहे, आणि त्यामुळेच इतकी प्रतीक्षा अधिक खुपते. तंत्रज्ञ प्रथम बॅटरी सोडवतो, साठलेली वीज उतरावी म्हणून थोडा वेळ थांबतो, मग स्टीअरिंगच्या मागचे स्क्रू काढून हॉर्नचा मधला भाग हलकेच पुढे ओढतो आणि पिवळा कनेक्टर सोडवतो. त्या भागाच्या पाठीशी तळहाताएवढी धातूची जाड चकती असते; तोच इन्फ्लेटर. मी काचेपलीकडून पाहिले, तेव्हा काढलेली चकती त्याने वेगळ्या खोक्यात ठेवली आणि तिच्यावरचा क्रमांक नोंदवून घेतला, कारण जुने इन्फ्लेटर कंपनीकडे परत जातात. गाडी ताब्यात घेण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारा, की बसवलेला पार्ट अंतिम स्वरूपाचा आहे की तात्पुरता. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात अनेक गाड्यांना त्याच रचनेचे नवे इन्फ्लेटर बसवले गेले आणि त्या गाड्या पुढे पुन्हा बोलवाव्या लागल्या. उत्तर जॉब कार्डावर लिहून घ्या, काही दिवसांनी संकेतस्थळावर चॅसिस क्रमांक पुन्हा टाकून रिकॉल बंद झाल्याची खात्री करा, आणि तो कागद आरसीसोबत ठेवा, म्हणजे गाडी विकताना पुढच्या माणसाला देता येईल.