आधी वारा बघ

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. "काका, क्रूझवर सिगार न्यायचा विचार आहे, चार रात्रींना किती नेऊ?" फोनवर एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणत राहतोस आणि मनात दुसरंच चाललेलं असतं. ट्रेनी म्हणून तीन वर्षं हाताखाली होतास, मला ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला.

घरून एकही नेऊ नकोस. तिथे गेल्यावर दोन घे. चार रात्रींना दोन पुष्कळ झाल्या.

का, ते सांगतो. तुमची फेरी सिंगापूरहून सुटणार, पेनांग-फुकेट करून तिथेच परत येणार. सिंगापुरात तंबाखूला शुल्कमाफी अजिबात नाही, एका सिगारेटलाही नाही. जे नेशील ते लाल मार्गाने जाऊन दाखवायचं आणि शुल्क भरायचं. लपवलंस आणि सापडलं तर दंड. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत कस्टमच्या टेबलापाशी बायकोला उभं करायची हौस असेल तरच डबा बॅगेत भर. सिगारसाठी वेगळी खोली असते त्या जहाजांवर एकेक सुटी विकत मिळते. महाग पडते, पण दोनच घ्यायच्या आहेत. परतताना मात्र सिंगापुरात उतरतानाही तोच नियम, म्हणून घेतलेली तिथेच संपव. आपल्या देशात येताना २५ सिगारपर्यंत माफी आहे, पण ती गोष्ट तुला या खेपेला लागू नाही.

आता मेहुण्याने दुबईहून आणलेल्या त्या डब्याविषयी. तो कुठे ठेवलायस? "कपाटात" असं उत्तर असेल तर आजच उघडून बघ. मलाही एकदा असाच डबा मिळाला होता. मी तो बडोद्याच्या मे महिन्यात लोखंडी कपाटात, कोटांच्या खाली ठेवला. जूनमध्ये उघडला तर प्रत्येक सिगारला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं, आणि डब्याच्या तळाशी तपकिरी भुकटी. तुझी काकू म्हणाली, "अहो, हा तर हळकुंडात होतो तोच किडा." मी हसलो. नंतर कळलं की तीच बरोबर होती. तंबाखूचा हा भुंगा हळद, सुंठ, सुकी मिरची सगळ्यांत होतो. पानात अंडी आधीपासून असू शकतात, आणि पंचविशीच्या वर तापमान गेलं की ती फुटायला लागतात. आपल्याकडे पंचवीस अंश म्हणजे थंडी! तेव्हा डबा झिपच्या पिशवीत घाल, आत ६९ टक्के आर्द्रता राखणारं पाकीट टाक आणि घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेव. नुसता फ्रिजमध्ये टाकलास तर सिगारला कालच्या भाजीचा वास लागेल.

लायटर आणि काडेपेटीही घरीच राहू दे. आपल्या विमानतळांवर दोन्ही काढून घेतात, हातातल्या सामानातूनही आणि मोठ्या बॅगेतूनही. कटर मोठ्या बॅगेत टाक, त्याला पातं असतं. पेटवायचं साधन जहाजावर मिळतं.

आता जहाजाचे नियम. हा भाग तू नीट वाचणार, कारण तू आपल्या खात्यातला आहेस. कोयलीच्या रिफायनरीच्या गेटवर पहिल्या दिवशी तुझ्या खिशातली काडेपेटी काढून घेतली होती तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं, आठवतंय? जहाजावरही तसंच होणार आहे. खोलीत ओढायचं नाही. आणि ज्या बाल्कनीसाठी तू जादा पैसे मोजलेस, तिथेही बहुतेक कंपन्यांच्या जहाजांवर मनाई असते. पकडलं तर बऱ्याच ठिकाणी २५० डॉलर दंड, काही ठिकाणी ५००. बाल्कनी तर उघड्यावर असते, मग मनाई कशाला, असं तू विचारणार. २३ मार्च २००६ च्या पहाटे तीनच्या सुमाराला 'स्टार प्रिन्सेस' हे जहाज ग्रँड केमनहून जमैकाकडे चाललं होतं. दोन हजार सहाशेहून जास्त प्रवासी, बहुतेक सगळे झोपेत. एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाचा निष्कर्ष असा, की कुणीतरी टाकलेलं पेटतं सिगारेटचं थोटूक हेच बहुधा कारण. बाल्कन्यांमधल्या आडभिंती पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या, खुर्च्या-टेबलं प्लॅस्टिकची, जमिनीच्या फरश्याही जळणाऱ्या. आग बाल्कनीवरून बाल्कनीवर चढत गेली. एक प्रवासी दगावला. जहाजाच्या आत स्प्रिंकलर होते, बाल्कन्यांत नव्हते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. वरच्या डेकवरून फेकलेलं थोटूक समुद्रात पडतंच असं नाही. वाऱ्याने ते खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी टॉवेलवर येऊन बसतं. ही गोष्ट मी तुला ट्रेनिंगमध्ये सांगायला हवी होती. रिफायनरीच्या गडबडीत जहाजं राहून गेली.

म्हणून जहाजावर पाय ठेवलास की दोन कामं कर. सुटण्याआधीची सुरक्षेची कवायत चुकवू नकोस, सूनबाईलाही ने. आणि रिसेप्शनवर स्पष्ट विचार की सिगार कुठे चालते. 'धूम्रपानाची जागा' असं विचारू नकोस. पुष्कळ जहाजांवर कॅसिनोत सिगारेट चालते, सिगार आणि पाइप चालत नाहीत. फुकेटला उतरलास तरी खिशात घेऊन पाटोंगच्या वाळूत जाऊ नकोस, तिथल्या किनाऱ्यावर धूम्रपानाला बंदी आहे.

हे झालं नियमांचं. ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो ते आता येतंय.

निवृत्त झालो त्या वर्षी मी आणि तुझी काकू अशाच एका जहाजावर गेलो होतो. माझ्या आजोबांना चिरूट ओढायची सवय. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून ते संध्याकाळची चिरूट ओढायचे, त्रिचीची. (शब्दही तिकडचाच, तमिळमध्ये 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळलेलं. काकूला हे सांगितलं तर म्हणाली, "मग सुरळीची वडीसुद्धा त्यांचीच का?" आणि शेजारच्या बेन म्हणाल्या, "ती तर आमची खांडवी आहे हं.") मला वाटलं, आजोबांचा ओटा आता आपल्याला समुद्रावर मिळालाय. सूर्यास्त, सिगार, शेजारी बायको. पहिल्या संध्याकाळी डेकच्या डाव्या बाजूला दोन खुर्च्या धरल्या. मी बसलो, काकू माझ्या डाव्या हाताला बसली. मी पेटवली.

थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या डेकवरच्या खुर्च्या जड असतात, लाकडावरून ओढताना खर्रर्र असा आवाज होतो. मला वाटलं, तिच्या डोळ्यावर ऊन येत असेल. दुसऱ्या संध्याकाळी ती आधीच एक खुर्ची सोडून बसली, मग पुन्हा खर्रर्र. तिसऱ्या संध्याकाळी मी पलीकडच्या एका पारशी गृहस्थांना सिगारचं बाहेरचं पान वेगळं कसं निवडतात, आतलं कसं मुरवतात, ढिगात रचल्यावर त्यातून अमोनियाचा भपका कसा येतो, असं व्याख्यान देत होतो. वळून पाहिलं तर काकू चार खुर्च्या पलीकडे, पदर नाकाला लावून समुद्राकडे बघत बसलेली. मी हात केला. तिनेही केला. मी पुन्हा व्याख्यानाकडे वळलो.

ती काही बोलली नाही. घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी तुरीच्या शेंगा सोलताना म्हणाली, "समुद्र छान दिसायचा हो. चार खुर्च्या पलीकडून."

आता तू सांग, गेटमधून आत आल्यावर मी तुला पहिली गोष्ट कोणती शिकवली होती? आधी विंडसॉक बघ, खांबावरची ती वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी. वारा कुठून कुठे जातोय ते बघ आणि मग पाऊल टाक. तीस वर्षं मी हे पोरांना घोकून घेतलं, आणि बायकोला तीन संध्याकाळी वाऱ्याखाली बसवलं. जहाज अठरा नॉट वेगाने चाललं म्हणजे ताशी तेहतीस किलोमीटर. हवा अगदी पडलेली असली तरी डेकवर तेवढा वारा जहाज स्वतःच तयार करतं, आणि तो पुढून मागे वाहतो. डाव्या बाजूला समुद्राकडे तोंड करून बसलं की जहाजाचं मागचं टोक डाव्या हाताला येतं. म्हणजे माझा सगळा धूर तिच्या तोंडावर. मी तिला दुसऱ्या हाताला बसवलं असतं तर काम झालं असतं. मागच्या टोकाला जहाजाचा झेंडा असतो, तोच तुझा विंडसॉक. बंदरात उभं असताना तो वेगळी दिशा दाखवील, तेव्हा पुन्हा बघ. आणि चिमणीच्या किंवा भिंतीच्या आडोशाला बसलास तर धूर तिथेच घुटमळतो, झेंडा काहीही सांगो.

पण तू लिहिलंयस की सूनबाईला धूर सहनच होत नाही. मग झेंड्याचा उपयोग निम्माच. तिला विचार, तुझा कोणता तास तुला एकटीला हवाय? प्रत्येकीला एक हवा असतो. कुणाला दुपारची झोप, कुणाला तरणतलाव, कुणाला एकटीने दुकानं फिरायची असतात. त्या तासाला तू सिगारच्या खोलीत जा. सूर्यास्ताचा तास सोड. तो तिचाही आहे.

सिगार लहान घे. पेटिट कोरोना म्हणतात ती, पाच इंच लांब, ४२ रिंग गेजची. एक गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा ही साधारण सतरा मिलिमीटर जाड. अर्धा-पाऊण तासात संपते. चर्चिल म्हणतात ती लांबलचक घेतलीस तर दीड तास तिथेच. जेवून ओढ, रिकाम्या पोटी चक्कर येते, आणि सोबत रम घेतलीस तर नक्कीच. आपल्यासारखी दारूबंदीच्या राज्यातली माणसं पहिल्या संध्याकाळी बारपाशी कशी वागतात ते मी पाहिलंय, त्यात तू नको. तोंडात धरायच्या टोकाची पानाची टोपी तेवढी काप, दोन मिलिमीटर, जास्त नाही, नाहीतर पान उलगडत जातं. पेटवताना ज्योत टोकाला लावायची नाही, खाली धरायची आणि सिगार फिरवत शेकायची, पापड भाजतो तशी. मिनिटाला एक झुरका. घाई केलीस की गरम होते आणि कडू लागते. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच. एक बाजू भराभर जळायला लागली तर समज, वारा लागतोय, जागा बदल. शेवटचा एक तृतीयांश सोडून दे. ती विझवायची नसते, राखदाणीत ठेवली की आपोआप विझते.

छातीत घेतलं नाही म्हणजे निर्धोक झालं, असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात जातं, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या एका पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. तोंडाचा कर्करोग या धुराने होतो. वासद ओलांडून आणंदकडे गेलास की दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं, ती मोठाली चिकट पानं तू पाहिली आहेस. त्याच पट्ट्यातले माझे दोन मित्र जबड्याच्या ऑपरेशननंतर पातळ वरणभातावर आहेत. ते बिडी आणि तंबाखूच्या मसाल्याचे, सिगारचे नव्हेत, पण पान तेच. म्हणून चार रात्रींना दोन, आणि बडोद्याला परतल्यावर शून्य. मी वर्षातून एक ओढतो, काकूच्या मते तीही जास्त.

सिगारसाठी एक जुना शर्ट वेगळा ठेव आणि तो पिशवीत बंद कर. जहाजावरची खोली म्हणजे आपल्याकडच्या देवघरापेक्षा जरा मोठी. वास भरला की चार दिवस जात नाही. दात घास, हात लिंबाने धू, केसही धू. केसांचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि उशीला तोच वास लागतो.

कटर माझ्याकडे आहे, नवा घेऊ नकोस. गुरुवारी संध्याकाळी ये, दुपारी मी झोपलेला असतो. काकू लिलो चिवडा बांधून ठेवणार आहे, जहाजावर चार दिवस नुसती पावलोणी खाऊन कंटाळा येतो म्हणते. सूनबाईला घेऊन ये.

तुझा,
काका

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी काकूने वाचलं. म्हणते, चार नाही, पाच खुर्च्या होत्या.