ऐन-किंजळाचं रान एकदम तोडावं का?

प्रश्न : चिपळूणजवळ आमचं तीन एकर रान आहे. ऐन, किंजळ, थोडा साग. ठेकेदार सगळं उभं रान मागतोय. देऊ का?

उत्तर : सरसकट देऊ नका, ताई. माझंही रान असंच आहे. मी दरवर्षी एकच पट्टा तोडायला देते. ऐन, किंजळ, साग खुंटापासून पुन्हा फुटतात, पण तोड नीट हवी. जमिनीपासून वीतभर उंचीवर, उतरता घाव, म्हणजे पावसाचं पाणी खुंटावर साचत नाही. साल सोलवटली तर फुटवे कमजोर येतात. तेवढ्यासाठी मी तोडीच्या वेळी तिथंच उभी राहते. पावसाळ्यानंतर झुबका येईल, त्यातले बुडाजवळचे जोमदार एक-दोन फुटवे ठेवा, बाकीचे काढा. त्या पट्ट्यात गुरं सोडू नका.

वहाळाकाठची झाडं मात्र अजिबात देऊ नका, माती तीच धरून ठेवतात. जुना बेहडाही राखा. त्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो, मादी आत स्वतःला कोंडून घेते.

ऐन, किंजळ, साग हे तिन्ही 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, म्हणजे तोडायला परवानगी लागते. परवानगीचा अर्ज स्वतः करा आणि कोऱ्या कागदावर सही देऊ नका.