देवाला भोपळा

प्रिय मनू,

रविवारी फ्युर्टच्या चर्चमध्ये वेदीसमोर उभी राहून तू विचारलंस, "बाबा, आपल्यात पण देवाला भोपळा देतात का?" मागे माणसं खोळंबली होती, म्हणून मी "हो, देतात" एवढंच म्हणून तुला पुढे घेतलं. पण तेवढ्यावर भागण्यासारखा तुझा प्रश्न नव्हता. आता तुला मराठी सलग वाचता येतं, म्हणून उत्तर लिहूनच देतो.

आधी तिथलं सांगतो. ते चर्च सेंट मिखाएलचं. त्याचा दिवस 29 सप्टेंबर, आणि त्याला धरून फ्युर्टमध्ये 12 दिवस जत्रा भरते. जर्मनमध्ये तिला किर्शवाय म्हणतात, म्हणजे चर्च देवाला वाहिलं त्या दिवसाचा सण. आपल्याकडे देवळात मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेचा वर्धापनदिन करतात, त्यातलाच हा प्रकार. फ्युर्टची माणसं मात्र आपल्या बोलीत 'केर्वा' म्हणतात, आणि तो शब्द म्हणताना त्यांचा चेहरा कसा उजळतो ते तू पाहिलंसच. ही जत्रा गावाबाहेरच्या मैदानात भरत नाही, भर शहरातल्या रस्त्यांवर भरते. म्हणून तर पाळण्यात बसल्यावर तुला लोकांच्या खिडक्यांतल्या कुंड्या दिसल्या. तू दोनदा मागून खाल्लेले बागर्स म्हणजे किसलेल्या बटाट्याची थालीपिठं, सोबत सफरचंदाचा गोड गर.

दुपारची मिरवणूक पिकासाठी देवाचे आभार मानायची. ट्रॅक्टर, घोडागाड्या, बँड, आणि गव्हाच्या ओंब्यांचा तो भलामोठा मुकुट. फ्युर्ट, न्यूर्नबर्ग आणि आपलं एरलांगन यांच्या मधल्या भाजीच्या मळ्यांना क्नोब्लाउख्सलांट म्हणतात, म्हणजे लसणाचा मुलूख. आपण शनिवारी बाजारातून आणतो तो मुळा तिथलाच. त्याच मळ्यांतलं काहीबाही वेदीवर असणार: भोपळे, कोबी, कांदे, द्राक्षं, आणि मधोमध क्रॉसची खूण असलेला तो पाव. तिथल्या आजींना मी विचारलं की नंतर याचं काय करता. त्या म्हणाल्या, ज्यांच्या घरी कमी आहे त्यांना देतो.

आता आपल्यातलं.

कोकणात आश्विनातल्या पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला, नवान्न पौर्णिमा असते. तोवर हळवं भात कापायला आलेलं असतं. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा त्या दिवशी आजोबा सकाळी लवकर शेतावर जायचे, आणि दव पडलेलं असल्यामुळे परत येताना त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं असायचं. हातात भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसं, थोडी वरी. पडवीत बसून ते जुड्या बांधायचे. खाली आंब्याचं पान, त्यावर लोंबी आणि कणीस, वर झेंडूचं फूल आणि कुरडूचा गुलाबी तुरा, आणि सगळ्याला दोऱ्याचे घट्ट वेढे. दोरा धरायचं काम माझं. या जुडीला 'नवं' म्हणतात. एक नवं देव्हाऱ्याला, एक दाराला, एक तुळशीला, एक विहिरीच्या रहाटाला, एक नांगराला. पुढे घरात सायकल आली तेव्हा तिच्या हँडललाही बांधलं. मग आजी नव्या तांदळाची खीर करायची, नारळाचं दूध आणि गूळ घालून. आधी देवाला नैवेद्य, मग आम्हाला. त्या दिवसापर्यंत नव्या तांदळाचा एक दाणाही आमच्या घरात शिजत नसे. आजी म्हणायची, ज्यानं दिलं त्याला आधी दाखवायचं.

तेव्हा भोपळा नसेल, पण नवं पीक आधी देवाला, हे आपल्यातही आहे. आणि 'आपल्यात' म्हणजे फक्त आपल्या घरासारख्या देव्हारा असलेल्या घरांत नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. मुंबईच्या आसपास गोराई, उत्तन या भागांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक राहतात. नाव इंग्रजी आहे, पण ते पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच आणि घरात बोलतात ती मराठीच, त्यांच्या वळणाची. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा आगेरा असतो. शेतातल्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, आणि मग त्या घरोघर जातात. गोव्यात राय गावी 5 ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं, तिथेही चर्चमध्ये नवं कणीसच. म्हणजे आपल्याकडचा माणूस आपलं पीक देवळात नेतो तसं चर्चमध्येही नेतो. शाळेत कुणी विचारलं तर असंच सांग.

तुला गंमत वाटेल अशी अजून एक गोष्ट. जर्मनमध्ये तू सगळ्यालाच 'एऽर' म्हणतेस, गव्हाचं असो की भाताचं. मराठीत गव्हाची ओंबी, भाताची लोंबी, ज्वारी-बाजरीचं आणि नाचणीचं कणीस. ज्यांनी हे शब्द केले ते रोज शेतात उभे राहणारे लोक होते. ओंबी ताठ असते आणि लोंबी लोंबते, बघ.

मिरवणुकीतल्या गाडीवरून पडलेली ओंबी तू उचललीस, ती अजून तुझ्या निळ्या कोटाच्या खिशात आहे. कोट धुवायला टाकण्याआधी ती काढून ठेव. या आठवड्यात पौर्णिमा आहे. झेंडू आपल्या बाल्कनीत अजून फुललाय. आंब्याचं पान इथे मिळायचं नाही, तेव्हा खालच्या मेपलचं एक चांगलं, न फाटलेलं पान तू शोधून आण. दोरा या वेळी मी धरतो, वेढे तू घाल. स्वयंपाकघराच्या दाराला बांधू.

तुझा,
बाबा