ईयोबाचे पुस्तक वाचणाऱ्या मुलास

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. थोरल्या भावाच्या तेरवीला जमलेल्या सोयऱ्यांनी तुझ्या आईला 'पूर्वजन्मीचे भोग आहेत' असे सांगितले, आणि पुढे मराठी बायबलातील ईयोबाचे, म्हणजे मुले आणि गुरेढोरे गमावलेल्या एका सज्जन माणसाचे, पुस्तक हाती आल्यावर त्यातल्या त्याच्या मित्रांच्या तोंडी तुला त्याच सोयऱ्यांचे बोलणे ऐकू आले, असे तू लिहितोस. परधर्माचा ग्रंथ वाचावा की नाही, यावर आपण वेळ घालवू नये. ज्या घरात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज होते, त्या घरात तू वाढला आहेस. मला अस्वस्थ केले ते तुझ्या शेवटच्या प्रश्नाने: 'म्हणजे ईयोब आणि तुकोबा एकच सांगतात ना?'

नाही. आणि इतक्या लवकर तर मुळीच नाही.

दुष्काळात सारे गमावलेले तुकोबा 'बरे जाले देवा निघाले दिवाळे' म्हणतात. ईयोबही पहिल्या अध्यायात देवाने दिले आणि देवाने नेले असे म्हणून त्याचे नाव धन्य मानतो, आणि तू तिथेच खूण करून थांबलास. तिसऱ्या अध्यायात हाच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे कित्येक अध्याय देवाशी भांडत राहतो. त्याचे मित्र आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. तोवर ते खरे सोबती असतात. मग ते बोलू लागतात आणि दुःख म्हणजे पापाचे फळ, असे त्याला पटवू पाहतात. आपल्या सोयऱ्यांना निदान मागच्या जन्माचा आधार होता. त्या ग्रंथात मागचा जन्मच नाही. जो काही हिशेब आहे तो याच आयुष्यात जुळायला हवा आणि तो जुळत नाही, म्हणून ईयोबाचा प्रश्न आपल्या प्रश्नाहून वेगळा आणि अधिक उघडा आहे. हे वेगळेपण पुसून टाकलेस तर तुझ्या हाती काय उरेल? आपलेच जुने समाधान, नव्या पुठ्ठ्यात बांधलेले.

म्हणून आधी पूर्ण वाच. बेचाळीसही अध्याय वाच, आणि जिथे तो ग्रंथ आपल्यासारखा बोलत नाही तिथे जास्त वेळ थांब. अडतिसाव्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो आणि ईयोबाच्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. जिथे मनुष्य राहत नाही त्या ओसाड भूमीवर पाऊस कोण पाडतो, असे तो उलट विचारतो. मृगाच्या पावसाची वाट पाहत कोरडवाहू कपाशी पेरणाऱ्या आपल्या माणसांनी हे वाक्य कसे ऐकावे? ओसाड रानावर पाऊस आणि आपले वावर कोरडे! ज्या साली बोंडअळीने सगळी कपाशी खाल्ली त्या साली मी हा अध्याय वाचला आणि मला देवाचा राग आला. तो राग मी गोड अर्थ लावून मिटवला नाही. पुष्कळ दिवसांनी एवढेच उमगले की या बोलण्यात जगाच्या मधोमध माणूस नाही, आणि तरीही मित्रांपेक्षा ईयोबच माझ्याविषयी नीट बोलला, असे तोच देव शेवटी म्हणतो. भांडणारा बरोबर आणि देवाची बाजू घेणारे चूक! असे सांगण्याचे धैर्य मला त्या पुस्तकाने दिले आणि ते मला दुसरीकडे मिळाले नसते.

गावात मला दोन प्रकारचे लोक भेटले. 'आपल्यात काय कमी आहे?' असे विचारणाऱ्यांना उत्तर देणे सोपे होते. 'सगळे धर्म एकच' म्हणून पाठ थोपटणाऱ्यांनी मला अधिक एकटे पाडले, कारण मी काय वाचले हे त्यांना ऐकायचेच नव्हते. दुसऱ्याच्या घरी जाऊन आपल्याच घरची भांडी शोधणाऱ्याला पाहुणा कसे म्हणावे? मी हटवादी आहे असे मंडळातल्या जाणत्यांनी बोलून दाखवले. असेन. आपल्या वर्ध्याजवळच्या पवनारच्या विनोबांनी कुराणाचे सार काढले, असा दाखला ते देत. पण विनोबा त्यासाठी आधी अरबी शिकले होते, हे कोणी सांगत नसे. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली. सार काढण्याचा अधिकार असा कष्टाने मिळतो, तो तुला आणि मला अजून मिळालेला नाही. माझे वडील असेपर्यंत मला हे त्यांच्याशी बोलता आले नाही. पीक गेल्यावर तेही स्वतःचेच पाप शोधत बसत आणि मी नुसता ऐकत असे. ही खंत जात नाही, म्हणून तुला इतक्या कठोरपणे लिहितो आहे.

शेवटचा अध्याय सुखान्त समजून उरकू नकोस. ईयोबाला मेंढरे आणि उंट दुप्पट मिळतात, मुले मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. गेलेली परत येत नाहीत. तुझ्या आईला हे वाचून दाखवायचे की नाही, ते तू ठरव, पण 'सगळे परत मिळाले' असे तिला सांगू नकोस. त्या मुलींना भावांच्या बरोबरीने वारसा मिळाला, हेही तिथे लिहिले आहे. ते का लिहिले असावे याचा विचार कर.

तालुक्याच्या गावी चर्चमध्ये जुने मराठी ख्रिस्ती मास्तर असतील तर त्यांना भेट आणि त्यांच्या घरी शोक झाला तेव्हा त्यांनी हे पुस्तक कसे वाचले ते विचार. आपले काही सांगू नकोस. पुढच्या पत्रात तुकोबांशी जुळणारी एकही ओळ मला नको. ज्या ओळी तुला पटल्या नाहीत, त्या अध्यायासह लिहून पाठव.

तुझा,
गुरुजी