ब्रिजमध्ये विरुद्ध जोडी ४ इस्पिकवर पोचली की पास, डबल की ५ बदाम, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. टीम स्पर्धा, दोन्ही जोड्या व्हल्नरेबल (म्हणजे बोली पूर्ण झाली तर बक्षीस मोठं, हुकली तर दंडही मोठा). पार्टनरने १ बदामाने सुरुवात केली, उजवीकडचा १ इस्पिक बोलला. तुमची पानं: इस्पिक ८-३, बदाम राजा-गुलाम-७-४, चौकट एक्का-राणी-६-२, किलवर ९-६-५. तुम्ही २ इस्पिक बोललात, म्हणजे ‘बदाम जुळलेत आणि गेमचं (मोठा बोनस देणाऱ्या बोलीचं, इथे ४ बदामांचं) निमंत्रण देण्याइतकी ताकद आहे’. डावीकडचा थेट ४ इस्पिकवर गेला, म्हणजे इस्पिक हुकूम धरून १३ पैकी १० हात करायचा दावा. पार्टनर पास, उजवीकडचा पास. तुम्ही ५ बदाम (११ हात) बोललात, त्यांनी डबल केलं (‘हे होणार नाही’ म्हणून दंड वाढवला), दोन डाऊन, म्हणजे दोन हात कमी पडले, ५०० गेले. आता तुम्ही विचारताय की अशा वेळी नक्की काय बघून ठरवायचं.

मी इथे डबल करेन. पास केलात तरी मी वाद घालणार नाही. ५ बदाम मात्र नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘माझ्याकडे १० पॉइंट होते आणि चार बदाम होते, म्हणून मला लढावंसं वाटलं.’ चूक इथे झाली. ते १० पॉइंट आणि ते चार बदाम तुम्ही २ इस्पिक बोलून आधीच सांगून टाकले होते. पार्टनरला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तो ४ इस्पिकवर पास बोलला. तुमची पाळी परत आली तेव्हा टेबलावरची एकमेव नवी बातमी होती त्याचा पास. अडचणीच्या बोलीत स्वतःच्या पानांकडे चौथ्यांदा बघून काही मिळत नाही. पार्टनरची पानं डोळ्यांसमोर मांडायची. आपली पानं बघायची ती त्याच्या पानांशेजारी ठेवून.

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्ण जिंकलं, त्यानंतर आमच्या टेबलावर बरेच नवे लोक आले. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ हे गणित ते आठवड्याभरात शिकतात. पार्टनरची पानं मांडून बघायची सवय लागायला मात्र वर्षं जातात. म्हणून तुमच्याच डावावर ते सावकाश करून दाखवतो.

पार्टनरच्या हातात काय असू शकेल? आधी काय असणार नाही ते बघू. इस्पिक ५, बदाम एक्का-राणी-१०-९-६-२, चौकट राजा-९-५, किलवर एक्का-७-४, अशी पानं असती तर तो गप्प बसला असता का? सहा बदाम, इस्पिकचं एकच पान, दोन एक्के, वर तुमचं निमंत्रण. तो स्वतःच ५ बदाम बोलला असता. म्हणजे ज्या पानांवर ५ बदाम उत्तम ठरतं, नेमकी तीच त्याच्या पासने बाद झाली.

उरली ती साधी पानं. समजा इस्पिक राणी-६, बदाम एक्का-राणी-९-८-२, चौकट राजा-५-३, किलवर गुलाम-१०-४. ५ बदामात इस्पिकचे दोन हात जाणार आणि किलवरचे निदान दोन. म्हणजे दोन डाऊन ठरलेलेच, तीनही होतील. उलट ४ इस्पिकविरुद्ध चौकटचे दोन आणि बदामाचा एक हे सहसा मिळतात, आणि चौथा या दोनपैकी एका रंगात निघण्याची चांगली शक्यता आहे.

आता त्याला जरा बरी पानं देऊ: इस्पिक ५, बदाम एक्का-राणी-१०-९-६, चौकट राजा-८-५, किलवर राजा-गुलाम-७-४. इस्पिकचा एकच हात जातो, मग ५ बदाम होईल का? किलवरवर सगळं अवलंबून आहे. एक्का आणि राणी दोन्ही डावीकडच्याकडे असली, तर तुमच्या हातातून किलवर खेळून पार्टनरचा राजा-गुलाम वाचतो आणि ११ हात होतात. पण जरा थांबा. एक्का-राणी डावीकडे असली की तुमच्या पार्टनरचा राजा त्यांच्या मागे बसतो, आणि ४ इस्पिक खेळताना त्यांनाही किलवरचा हात द्यावा लागतो! चौकटचे दोन, बदामाचा एक, किलवरचा एक, आणि ४ इस्पिक डाऊन. किलवरची जी मांडणी तुम्हाला ११ हात देते, तीच त्यांना १० हातांपासून अडवते. आणि ती उलटी असली तर त्यांचे १० होतात, तुमचे ९ होतात.

हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी दोन दिवस जुने डाव काढून तपासत बसलो होतो. यामागे एक नियम आहे. ज्याँ-रेने व्हर्न या फ्रेंच अभ्यासकाने १९६९ साली ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकात तो मांडला, आणि पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेच्या लॅरी कोहेन यांनी तो घरोघरी पोचवला: एकूण हातांचा नियम. दोन्ही जोड्यांचे आपापल्या सर्वांत लांब रंगातले पत्ते मोजा. त्यांची बेरीज ही दोन्ही जोड्यांनी आपापला हुकूम करून काढलेल्या हातांच्या बेरजेइतकी असते, साधारणपणे. प्रत्येक डावात तंतोतंत नाही, पण टेबलावर निर्णय घेण्यापुरती भरवशाची.

तुमच्याकडे पाच आणि चार असे नऊ बदाम. पार्टनरकडे इस्पिकचं एकच पान धरलं तर त्यांच्याकडे दहा इस्पिक. बेरीज १९. त्यांचे १० हात होत असतील तर तुमचे ९, म्हणजे ५ बदाम दोन डाऊन. त्यांचे ९ होत असतील तर तुमचे १०, म्हणजे ५ बदाम एक डाऊन. दोन्हींत तुम्ही डाऊनच आहात. पाचव्या पातळीवर जायला बेरीज २० तरी हवी, हा माझा ठोकताळा.

आता गुण. टीम स्पर्धेत दोन टेबलांवरचा फरक आयएमपीच्या, म्हणजे टीम स्पर्धेतल्या गुणांच्या, तक्त्यात बसवतात, त्यामुळे प्रत्येक निर्णयाची किंमत सरळ काढता येते. ४ इस्पिक होत असेल तर ६२० जातात, आणि ५ बदाम डबलमध्ये दोन डाऊन म्हणजे ५००. वाचले १२०, म्हणजे ३ आयएमपी. ४ इस्पिक एक डाऊन होणार असेल, तर डबल करणाऱ्याला २०० मिळतात आणि तुम्ही ५ बदामावर २०० घालवता. फरक ४००, म्हणजे ९ आयएमपी. तीन मिळवायला नऊ पणाला लावायचे, हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

डबलचा हिशोबही मांडू, कारण तेही फुकट नाही. डबल करूनही ४ इस्पिक झालं तर ६२० ऐवजी ७९० जातात, म्हणजे पासच्या तुलनेत ५ आयएमपी गेले. एक डाऊन झालं तर १०० चे २०० होतात, ३ मिळाले. दोन डाऊन झालं तर २०० चे ५०० होतात, ७ मिळाले. म्हणजे ते बहुतेक वेळा पडेल अशी खात्री असेल तरच डबल. इथे ती मला का वाटते? सुरुवात करणाऱ्या पार्टनरकडे बचावाचे साधारण दोन हात धरायचे. तुमच्याकडे चौकटचा एक्का नक्की. राणीही बहुधा हात करेल, कारण तुम्ही इस्पिक बोलणाऱ्याच्या लगेच नंतर खेळता, आणि चौकटचा राजा त्याच्याकडे असला तर तो तुमच्या एक्का-राणीच्या तोंडात आहे. बदामाच्या राजावर मी फार विसंबत नाही, जुळणी नऊ पानांची आहे, त्यांच्यापैकी कोणाकडे एकच बदाम असू शकतो. तरी बेरीज चारपर्यंत सहज जाते. शिवाय डबलचं लाल कार्ड टाकून तुम्ही पार्टनरला सांगताय की ‘माझ्याकडे खरी ताकद आहे, पुढे जायचा आग्रह नाही.’ त्याचा आकार अगदीच विचित्र असेल तर तो डबल काढून ५ बदाम बोलेल. निर्णय दोघांचा राहतो. तुम्ही ५ बदाम बोललात की त्याच्यासाठी काही उरत नाही.

हीच पानं, पण तुम्ही व्हल्नरेबल नाही आणि ते आहेत, असं असतं तर? मग माझा कल बराच बदलतो. दोन डाऊन म्हणजे ३००, ६२० च्या जागी. वाचले ३२०, म्हणजे ८ आयएमपी. त्यांचं ४ इस्पिक एक डाऊन असताना तुम्ही ५ बदामावर एक डाऊन गेलात, तर पास करून मिळाले असते ते १०० सोडून १०० घालवले, फरक २००, म्हणजे ५. आता सौदा विचार करण्यासारखा आहे, आणि इस्पिकचं एक पान कमी, बदामाचं एक जास्त असतं तर मी बिनदिक्कत बोललो असतो. बोली सुरू होण्याआधी बोर्डावरचे रंग (कोण व्हल्नरेबल आहे ते) बघा असं मी सारखं सांगतो ते यासाठी.

जोड्यांच्या स्पर्धेत फरक किती मोठा याला किंमत नसते, किती टेबलांपेक्षा बरा स्कोअर केला एवढंच मोजतात. तिथे मी डबल आणखी मोकळेपणाने करतो.

एक प्रसंग सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात ‘पार्टनरने बराच वेळ विचार करून पास केलं’ असं एक वाक्य आहे आणि तुम्ही ते सहज लिहून गेलात. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका टीम स्पर्धेत माझ्यावर हीच वेळ आली होती. आम्ही व्हल्नरेबल नव्हतो. पार्टनरचा हात बिडिंग बॉक्सकडे (बोलीच्या कार्डांच्या डब्याकडे) गेला, परत आला, अर्ध्या मिनिटाने त्याने हिरवं पासचं कार्ड ठेवलं. मी ५ बदाम बोललो. डबल, दोन डाऊन, ३०० गेले, आणि त्यांचं ४ इस्पिक होत होतं. मी खुशीत होतो. त्यांनी डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला, बोलावलं. त्याने शांतपणे सगळं विचारलं आणि स्कोअर उणे ६२० केला. पार्टनरच्या थांबण्यातून काही सुचत असेल, आणि दुसरा समंजस पर्याय उपलब्ध असेल, तर सुचलेला पर्याय निवडता येत नाही, हे ब्रिजच्या नियमांच्या १६ व्या कलमात स्पष्ट आहे. त्या रात्री मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी पानं पुन्हा मांडली तेव्हा कळलं की त्या थांबण्याशिवाय मी ५ बदाम बोललोच नसतो. पार्टनर ज्या बातम्या देतो त्या कार्डांतून यायला हव्यात. तुम्हीही स्वतःला हे विचारा: त्याने झटकन पास केलं असतं तरी तुम्ही बोलला असतात का?

यावर उपाय आहे, आणि तो एक फेरी आधीचा आहे. २ इस्पिकचं कार्ड ठेवण्यापूर्वीच मनात ठरवायचं: डावीकडचा ४ इस्पिक बोलला तर मी काय करेन? पार्टनरनेही तसंच. मग कोणालाच अर्धा मिनिट लागत नाही. आणि दोघांनी मिळून दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवायच्या. पहिली, आपण निमंत्रण दिल्यावर ते गेमवर गेले तर पार्टनरचा पास फोर्सिंग (म्हणजे तुम्हाला पुढे बोलायला भाग पाडणारा) आहे की नाही. मी नाही असं खेळतो, कारण निमंत्रण म्हणजे डाव आपला आहे असा दावा नव्हे. दुसरी, १ इस्पिकवर ३ चौकट ही उडी आपण कशासाठी ठेवलीय. मी ती चार बदाम आणि चांगली चौकट दाखवायला वापरतो. चौकटचा रंग थोडा आणखी भरलेला असता, एक्का-राणी-१०-६-२ असा, आणि किलवरची दोनच पानं असती, तर मी २ इस्पिकऐवजी तेच बोललो असतो. मग ४ इस्पिक आल्यावर पार्टनरने स्वतःकडचा चौकटचा राजा-८-५ बघितला असता आणि पुढे जायचं की डबल करायचं हे तुमच्यापेक्षा त्यालाच नीट कळलं असतं.